विश्वनाथरावांचा टिकाऊ पियानो

डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकून कीबोर्डची एक पांढरी पट्टी उभी होती आणि विश्वनाथराव सोहोनी भिंगातून तिची तुटकी कड निरखत होते.

"उडाली म्हणजे नेमकी कशी उडाली?" त्यांनी विचारलं.

"उडाली म्हणजे उडाली," वृंदाताई चहा गाळता गाळता म्हणाल्या.

"वर गेली की आडवी?"

"आधी वर गेली. मग आडवी. मग सोसायटीच्या प्रेसिडेंटच्या दाल मखनीत."

"हं. म्हणजे बऱ्यापैकी लांब." विश्वनाथरावांनी पट्टी उलटी केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू तर नव्हतंच. कुकर कुठल्या बाजूने फुटला हे शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं, ते होतं.

विश्वनाथरावांची सगळी नोकरी वस्तू मोडण्यात गेली होती. एका चाचणी प्रयोगशाळेत ते कुकर फुटेपर्यंत तापवत, हेल्मेटवर लोखंडी गोळे टाकत, पंखे जळेपर्यंत फिरवत. निवृत्त झाल्यावर दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये मोडण्याजोगं फारसं काही उरलं नाही, आणि माणूस आतून खचत चालला होता. उलट वृंदाताईंचं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्या दीनानाथ गुर्जरांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागल्या. ऑर्केस्ट्रातले सगळेच पेन्शनवाले. सोसायट्यांचे वाढदिवस, क्लबांची वार्षिक संमेलनं, कंपन्यांच्या दिवाळी पार्ट्या अशा ठिकाणी ते जुनी गाणी वाजवत आणि लोक त्या गाण्यांवर पनीर टिक्का खात.

वृंदाताईंचा हात मात्र जड. अमरावतीच्या शाळेतल्या ज्या पियानोवर त्या शिकल्या, त्याच्या पट्ट्या पावसाळ्यात फुगत आणि उन्हाळ्यातही पूर्ण खाली जात नसत. ठोकल्याशिवाय सूर निघत नाही, हा तिथला पहिला धडा. त्या जोरापुढे दोन कीबोर्ड आधीच कामी आले होते. हा तिसरा.

फोन वाजला. दीनानाथ होते.

"वृंदाताई, दिवाळीला गुरुग्रामच्या कंपनीचा कार्यक्रम पक्का झालाय. पण मधली पट्टी नसलेला कीबोर्ड घेऊन गेलो, तर ऑर्केस्ट्राचे दात पडलेत म्हणतील लोक. आधीच आपल्यात खरे दात कमी."

"नवा घेते."

"घ्या. पण या खेपेला जरा टिकेल असा बघा."

'टिकेल' हा शब्द फोनबाहेर ऐकू आला असावा. विश्वनाथरावांनी भिंग खाली ठेवलं.

"हा विषय माझ्याकडे दे," ते म्हणाले.

वृंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला तीन दशकं होऊन गेली होती. त्या वाजवायला बसल्या की आजवर विश्वनाथराव उठून बेडरूमचं दार लावून घेत, कारण बातम्या ऐकू येत नसत. कार्यक्रमाला ते एकदाही आले नव्हते. आणि आज हा माणूस आपणहून म्हणत होता, माझ्याकडे दे. त्यांनी चहाचा कप नवऱ्यापुढे सरकवला.

गुरुग्रामला राहणाऱ्या लेकीला, वैभवीला, त्यांनी लगेच फोन केला.

"बाबा तुझ्या म्युझिकमध्ये इंटरेस्ट घेतायत?" वैभवी ओरडली. "आई, ये तो बिल्कुल चमत्कार है यार! घेऊ दे. मध्ये टोकू नकोस, प्लीज."

वृंदाताईंनी टोकायचं नाही असं ठरवलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथरावांनी स्वयंपाकघरातला वजनाचा डिजिटल काटा टेबलावर आणून ठेवला.

"मार," ते म्हणाले.

"कशावर?"

"काट्यावर. एका बोटाने. स्टेजवर मारतेस तशी."

"अहो, मी मारत नाही, वाजवते."

"तेच ते. मार."

वृंदाताईंनी पदर खोचला, डोळे मिटले, मनातल्या मनात गाण्याचा मुखडा म्हटला आणि समेवर बोट आपटलं. काट्यावरचे आकडे भराभर वर चढले, एकदा लुकलुकले आणि विझले. विश्वनाथरावांनी बॅटरी काढून पुन्हा घातली. काटा गेला होता.

"वृंदा," ते भारावून म्हणाले, "तू काटा घालवलास!"

त्यांच्या तोंडून वृंदाताईंनी ऐकलेलं हे बहुधा पहिलंच कौतुक. त्या चक्क लाजल्या. त्या दिवशी पोळ्यांची कणीक अंदाजाने भिजवली आणि ती सैल झाली, तरी कुणी काही बोललं नाही.

मग दोघं करोल बागेतल्या वाद्यांच्या दुकानात गेले. विक्रेता लगबगीने पुढे आला आणि विश्वनाथरावांशी बोलू लागला.

"मैडम के लिए चाहिए, सर? टाइम पास के लिए? ये देखिए, एकदम हल्का. भजन भी अंदर पहले से भरे हुए हैं."

"हल्का नहीं चाहिए," विश्वनाथराव म्हणाले. "ये मारती हैं."

विक्रेत्याने वृंदाताईंकडे पाहिलं आणि तो अर्धं पाऊल मागे सरला. "किसको, सर?"

"कीबोर्ड को. तीन तोड़ चुकी हैं."

विक्रेत्याचा सूर बदलला. मग साधा कीबोर्ड नको, स्टेज पियानो घ्या, असं त्याने सांगितलं. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे खऱ्या पियानोसारखा हातोडा असतो, त्यामुळे पट्टीला वजन येतं आणि ती जोराचा मार सोसते. खालचे रबर झिजले तर बदलून मिळतात. आणि एक गोष्ट त्याने खास बजावली.

"जो ज़ोर से बजाते हैं ना सर, उनको टच की सेटिंग हार्ड पर रखनी चाहिए. नहीं तो आधे ज़ोर में ही पूरी आवाज़ निकल जाती है. फिर कितना भी मारते रहो, कोई फ़र्क ही नहीं पड़ता."

हे शेवटचं वाक्य वृंदाताईंना केवळ पियानोबद्दलचं वाटलं नाही.

काचेजवळ एक सडपातळ काळा पियानो होता. विक्रेत्याने सेटिंग बदलून दिली आणि वृंदाताईंनी त्यावर हात ठेवले. पट्टी दाबली की ती बोटाला उलट उत्तर देत होती, पण अदबीने. जोर लावला की पियानो जोरात बोले, जोर काढला की खाली येई. एवढ्या पायऱ्या सुरात असतात हे त्यांना माहीत होतं, पण आपल्या हाताखाली त्या कधी येतील असं वाटलं नव्हतं. शिवाय तो पियानो एकटा माणूस काखेत धरून नेऊ शकला असता.

"अहो, हाच घेऊ या."

विश्वनाथरावांनी वाकून पियानोच्या बुडाला टिचकी मारली, कान लावला, पुन्हा टिचकी मारली. "बॉडी प्लास्टिकची आहे."

"पण वाजतोय किती छान!"

"आज वाजतोय. पुढचं कोणी पाहिलंय?" ते दुकानात फिरू लागले. अगदी मागे, प्लास्टिकच्या कव्हराखाली, एक वस्तू होती. कव्हर काढल्यावर दिसलं की तोही पियानोच आहे. पोलादी अंगाचा, लोखंडी कोपऱ्यांचा. विश्वनाथरावांनी त्यावर मूठ आपटली. आवाज आला नाही. त्यांची मूठ मात्र दुखली आणि ते समाधानाने हसले.

"ये कौन लेता है?"

"सर, ये बड़े बैंड वाले ले जाते हैं," विक्रेता चाचरत म्हणाला. "जिनके पास अपना ट्रक होता है."

"आपल्याकडे ट्रक आहे का?" वृंदाताईंनी हळूच विचारलं.

"टिकाऊ वस्तू एकदा ठेवली की हलवावी लागत नाही."

"अहो, स्टेज पियानो आहे तो. दर कार्यक्रमाला हलवायचा असतो."

"ते पुढचं पुढे बघू. वृंदा, तुझा हात मी पाहिलाय. काटा गेला आपला. तुला असलाच पाहिजे." आणि मग विक्रेत्याकडे वळून, अभिमानाने, "इनका हाथ बहुत भारी है!"

परक्या माणसापुढे नवऱ्याने आपल्याविषयी एवढं बोलावं, याचं वृंदाताईंना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी काचेजवळच्या पियानोकडे पाठ फिरवली.

पोलादी पियानो द्वारकेत आला तो चार हमालांच्या खांद्यावरून, कारण लिफ्टने बझर वाजवून त्याला घ्यायला नकार दिला. दिवाणखान्यातला सोफा गॅलरीत गेला. वृंदाताई आंघोळ करून, नवी साडी नेसून वाजवायला बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. विश्वनाथरावांनी ते पुन्हा दाबून बंद केलं.

"आधी चाचणी."

"वाजवून बघितलं की झाली ना चाचणी?"

"आवाज मध्ये आला की लक्ष विचलित होतं. तू नुसती मार. मी खालून बघतो हलतोय का."

दिवाळीपर्यंत रोज हाच परिपाठ. वृंदाताई मुक्या पियानोवर धाडधाड बोटं आपटत आणि विश्वनाथराव जमिनीवर उताणे पडून स्टँडचे पाय न्याहाळत. "डावा हात जास्त! अजून! अजून लाव!" त्या दोघांना एका खोलीत इतका वेळ घालवून वर्षं लोटली होती. वृंदाताई स्वतःची समजूत घालत होत्या की याला सहवास म्हणतात.

मग खालच्या मजल्यावरची सलोनी वर आली. "आंटी, बुरा मत मानिए, पर आप लोग रोज़ इतना मसाला क्यों कूट रहे हैं? मेरा बेबी सो नहीं पाता."

"मसाला नहीं, बेटा. म्यूज़िक है."

सलोनीने बंद पियानोकडे पाहिलं, जमिनीवर उताण्या पडलेल्या अंकलकडे पाहिलं आणि ती आल्या पावली खाली गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी टेम्पो आला. गुरुग्रामच्या त्या उंच इमारतीत सामानाची लिफ्ट होती, पण लिफ्टपासून स्टेजपर्यंत पियानो उचलायचा कोणी, हा प्रश्न होता. कंपनीचे तरुण मोबाइलवर शूटिंग करत उभे होते. दीनानाथांनी एक बाजू धरली. दुसरी धरली तबल्यावरच्या दामूअण्णांनी. "एक, दोन," दीनानाथ म्हणाले. तीन म्हणायची वेळच आली नाही. दामूअण्णा वाकले ते वाकलेलेच राहिले. त्यांना तशाच काटकोनात खुर्चीवर बसवायचा प्रयत्न झाला, पण पाय समोर आडवे ताठ राहत होते. शेवटी त्यांना गाडीत आडवं घालून घरी पाठवलं.

"आता तबला?" दीनानाथांना घाम फुटला.

"मी डाव्या हाताने ठेका धरते," वृंदाताई म्हणाल्या.

आणि खरंच, त्या संध्याकाळी त्यांनी कमाल केली. डाव्या हाताने ठेका, उजव्याने सूर. पोलादी पियानो मार खात होता आणि गरजत होता. पनीर टिक्का हातात धरलेली माणसं बशा खाली ठेवून नाचू लागली. दीनानाथांनी वन्स मोअर घेतला, तोही दोनदा. एवढं सगळं होत असताना विश्वनाथराव समोर होते. आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्या रांगेत! शेवटचं गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, वृंदाताईंनी मान वर करून पहिल्या रांगेत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. विश्वनाथराव मोबाइलचा टॉर्च लावून स्टेजखाली शिरले होते.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत कोळिष्टकं होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

"कसं झालं?" वृंदाताईंनी विचारलं.

"ढिम्म हलला नाही!"

"आणि गाणी?"

"कुठली गाणी?" विश्वनाथराव म्हणाले.

दोन दिवसांनी दीनानाथांचा फोन आला. आधी त्यांनी दामूअण्णांची तब्येत सांगितली. अजून सरळ झाले नव्हते. मग ते बराच वेळ खाकरले.

"ताई, तुमच्या हाताला तोड नाही. पण पियानो उचलायला आता कोणी तयार नाही. सगळ्यांच्या घरून फोन आलेत. एक मुलगी मिळालीय, रुचिता. तिचा सगळा पियानो लॅपटॉपमध्ये असतो. पाठीला सॅक लावून मेट्रोने येते."

"मी दुसरा घेते. हलका."

"आत्ता लगेच कुठे... तिला पुढचे सगळे कार्यक्रम देऊन बसलोय. पण एक सांगतो, तुमच्या मिस्टरांनी वस्तू काय निवडलीय! जेवणाची ट्रॉली येऊन आपटली, तर ट्रॉलीचं चाक निखळलं."

वृंदाताईंनी हा निरोप नवऱ्याला सांगितला. त्यातला ट्रॉलीचा भाग विश्वनाथरावांनी पुन्हा एकदा सांगायला लावला.

तिथून विश्वनाथरावांचे दिवस पालटले. ट्रॉलीची गोष्ट त्यांनी दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकली. लोक फोन करू लागले. कुणाच्या नातवाला कीबोर्ड घ्यायचा होता, कुणाच्या सुनेला. विश्वनाथराव कधी नोएडाला, कधी रोहिणीला जात, दुकानांतून टिचक्या मारत हिंडत. चेहऱ्यावर तजेला आला. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. वैभवी म्हणाली, "आई, बघ, म्युझिकने बाबांना किती चेंज केलं!"

वृंदाताई दुपारी एकट्याच घरी असत. पियानो होता, सोफा गॅलरीत होता, आणि बोलायला कोणी नव्हतं. त्या बटण चालू करून वाजवत बसत. एकदा लिफ्टमध्ये सलोनी भेटली. म्हणाली, "आंटी, आजकल आप मसाला नहीं कूटतीं? बेबी दोपहर को मस्त सोता है." वृंदाताई नुसत्या हसल्या.

आणि मग ते निमंत्रण आलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात मराठी मंडळींची दर महिन्याला व्याख्यानं होत. या महिन्याचा विषय होता, 'टिकाऊ डिजिटल पियानो कसा निवडावा'. वक्ते, श्री. विश्वनाथ सोहोनी. खाली बारीक अक्षरांत, प्रात्यक्षिक, सौ. सोहोनी.

"प्रात्यक्षिक म्हणजे मी काय करायचं?" वृंदाताईंनी विचारलं.

"काही नाही. मी खूण केली की मारायचं."

या वेळी हमालांची नीट सोय केली होती. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी गावाकडची पोरंही चहा-बटाटेवड्याच्या आशेने मागे बसली होती. दीनानाथ आले होते. विश्वनाथराव रंगात येऊन बोलले. पट्टीखालचा हातोडा, पोलादी सांगाडा, रबराची झीज, स्टँडचे पाय. लोक माना डोलवत होते, मध्येच आपसात कुजबुजत होते, फोन घेत होते.

"आता," विश्वनाथराव म्हणाले, "हा पियानो काय सोसू शकतो ते आमची मिसेस दाखवेल. पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात ठेवले तरी चालतील." हशा झाला. "हां वृंदा, मार!"

वृंदाताईंनी पट्ट्यांवर हात ठेवले आणि त्या वाजवू लागल्या. पण आवाज आलाच नाही, असं मागच्यांना वाटलं. त्यांनी बोलणं थांबवलं. तरी नीट ऐकू येईना, म्हणून माना पुढे केल्या. सूर होता, पण असा की शेजारचा हलला तरी निसटावा. कुणीतरी पंखा बंद केला. कुणीतरी वाजणारा फोन कोटात दाबून धरला.

"जोरात!" विश्वनाथराव कुजबुजले. वृंदाताई वाजवत राहिल्या. "अगं जोरात! सगळ्यात जोरात! मंडळी, हे ते नव्हे, हिचा हात खरं म्हणजे..."

"शूऽऽ!" मागून एका पोराचा आवाज आला. "काका, ऐकू द्या की जरा!"

विश्वनाथराव माइक हातात धरून उभेच राहिले. मग ते खाली वाकले आणि स्टँडचा पाय तपासू लागले. तो हलत नव्हता. हलण्यासारखं काही घडतच नव्हतं.

वाजवणं संपलं. मग टाळ्या झाल्या, चांगल्या भरघोस. अध्यक्षांनी डोळे पुसले, माइक घेतला आणि म्हणाले, "वा! आता प्रश्नोत्तरं. पियानोविषयी ज्यांना काही विचारायचं असेल, त्यांनी सोहोनी साहेबांना विचारावं."

पटापट हात वर झाले. कितीचा पडतो, वजन किती, गॅरंटी किती वर्षांची. विश्वनाथरावांच्या आवाजात पुन्हा जोर आला. "उत्तम प्रश्न!" ते म्हणाले.

वृंदाताई मागच्या दाराने व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी चहाचा कप घेतला. पाठोपाठ दीनानाथ आले.

"ताई, तुम्हाला असं वाजवता येत होतं?"

"येत होतं."

"मग इतकी वर्षं एवढं बडवत का होतात?"

"हळू वाजवलं की तुम्ही सगळे बोलायला लागायचात," वृंदाताई म्हणाल्या.

आतून माइकवर विश्वनाथराव ट्रॉलीची गोष्ट सांगत होते आणि सभागृह खदखदून हसत होतं. दीनानाथांनी कानामागे हात नेला.

"काय म्हणालात?"

"काही नाही," वृंदाताई म्हणाल्या. "चहा बरा झालाय."